फोतिनाच्या सेनापतीचा शिक्का

१

मी संग्रहालयात पोचलो तेव्हा ज्या वस्तूसाठी मला बोलावलं होतं ती तिथे नव्हती.

काचपेटी जागेवर होती. तिचं कुलूप शाबूत होतं. आत गर्द निळ्या मखमलीवर दोन सोन्याची नाणी होती आणि त्यांच्या मधे एक रिकामा खळगा. स्तुदेन ब्रोदच्या संग्रहालयात त्या नाण्यांहून मौल्यवान काही नाही. तरी चोराने सोन्याला हात लावला नव्हता. त्याने फक्त शिशाची एक चकती नेली होती, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी.

"तुम्ही पेत्कानोव," काचपेटीशेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "शिक्के वाचणारे. मी नेव्याना बोझिलोवा, पोलीस निरीक्षक. मला शिक्क्यांतलं काही कळत नाही, तेव्हा सोपं करून सांगा. हे सोनं सोडून शिसं कोण नेतं?"

"ज्याला त्याचा अर्थ माहीत आहे तो."

"किंवा ज्याचं त्यामुळे नुकसान होतंय तो," संचालक तानेव मागून म्हणाले. त्यांनी रात्री झोप घेतलेली दिसत नव्हती. टायची गाठ कानाखाली गेली होती. "आणि असा माणूस या तालुक्यात एकच आहे. त्सोन्का आजी. काल संध्याकाळी शिक्का दाखवण्याच्या समारंभात शंभर लोकांसमोर ती म्हणाली, हा शिक्का खोटा आहे. आज तो गायब आहे. मी अजून काय सांगू?"

प्रकरण असं होतं. हजार वर्षांपूर्वी दुनाव नदीच्या या बाजूला फोतिना नावाचं एक ठाणं होतं. जुन्या बखरींत नाव येतं, जागा कोणाला ठाऊक नाही. वर्बोव रीदच्या शाळेतले दान्यो मास्तर आयुष्यभर सांगत राहिले की फोतिना त्यांच्या गावामागच्या टेकडीवर होतं. त्यांच्या अर्जांमुळेच ती टेकडी संरक्षित राहिली आणि शेजारच्या दगडखाणीला तिच्यावर सुरुंग लावता आला नाही. मास्तर या वसंतात वारले; त्सोन्का आजी त्यांची बायको. उन्हाळ्यात तानेव यांना नदीकाठच्या खणकामात, खाली शहराजवळ, शिशाचा शिक्का सापडला. त्यावर अक्षरं होती : 'प्रभू, तुझा दास लेओन, फोतिनाचा सेनापती, याचं रक्षण कर.'

म्हणजे फोतिना टेकडीवर नव्हतं, नदीकाठी होतं. फोतिनाची जागा ठरवायला गुरुवारी सोफियाहून पुरातत्त्व समिती येणार होती. टेकडीवरचं संरक्षण उठणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"किल्ली कुठे होती?" बोझिलोवाबाईंनी विचारलं.

"माझ्या कोटाच्या खिशात."

"आणि कोट?"

तानेवनी टायची गाठ ओढली. "खुर्चीवर. होरो चालू होता. संचालक नाचला नाही तर लोक काय म्हणतील?"

२

पोलिसांनी आम्हाला वरच्या मजल्यावरची एक खोली दिली. बोझिलोवाबाईंनी बूट काढून पाय खुर्चीच्या दांड्यावर ठेवले.

"आता सांगा. सेनापतीचा शिक्का नदीकाठी सापडला म्हणजे सेनापती नदीकाठी राहत होता, हे कशावरून? उद्या माझं एखादं पत्र वार्ना शहरात सापडलं म्हणजे मी वार्नाची का?"

"प्रश्न बरोबर आहे. शिक्का पत्राच्या दोरीवर असतो. पत्र जिथे उघडलं जातं तिथे तो पडतो, म्हणून एरवी तो पाठवणाऱ्याची जागा सांगत नाही. पण हा वेगळा आहे. हा वाया गेलेला शिक्का आहे."

मी कागदावर चकती काढून दाखवली. शिशाच्या कोऱ्या चकतीला मधून आरपार एक बारीक बोगदा असतो. त्यातून दोरी ओवायची आणि मग अक्षरं कोरलेल्या लोखंडी सांडशीत चकती दाबायची. बोगदा मिटतो, दोरी अडकते, अक्षरं उमटतात. तानेवनी फोनवर केलेल्या वर्णनावरून, लेओनच्या कारकुनाची सांडशी घसरली होती. अक्षरं दोनदा उमटली होती, एकमेकांवर थोडी सरकून. शिवाय दोरी ओवायचीच राहिली होती आणि मधे पुरता दाब बसला नव्हता, त्यामुळे बोगदा उघडा होता.

"असा शिक्का कोणी पत्राला लावत नाही. तिथेच फेकून देतात. तो प्रवास करत नाही. जिथे सापडला तिथेच कचेरी होती."

"म्हणजे वाया गेला म्हणून जास्त मोलाचा."

"फार जास्त. म्हणूनच मी तानेवना फोनवर बजावलं होतं, मी येईपर्यंत बोगद्यातली माती काढू नका. पृष्ठभाग धुतला जातो, आतली माती हजार वर्षं तशीच राहते. ती मला तपासायची होती."

"हे आणखी कोणाला माहीत होतं?"

ते खाली जाऊन विचारून यावं लागलं. तानेवनी माझं बोलणं सकाळच्या कॉफीवर मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. तेव्हा दोघंजण होती. एक क्रुम, खणकामावरचा मुकादम, जो तरुणपणी चोरून खजिने खणायचा. दुसरी मार्गिता, जी संग्रहालयात जुन्या वस्तू साफ करून जतन करते. त्याच दिवशी तानेवनी शिक्का तिच्या टेबलावरून उचलून काचपेटीत ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

"फोटो आहेत?" बोझिलोवाबाईंनी विचारलं.

फोटो होते, शिक्का सापडला त्याच दुपारचे. नदीकाठची पिवळी माती अर्धवट वाळली होती. मी ते मोठे करून पाहिले. मग एका फोटोवर थांबलो.

"काय झालं?"

"या अक्षरांच्या कडेला पाहा. पांढरं."

"पीठ सांडल्यासारखं."

"जमिनीतलं शिसं करडं होतं, कधी तपकिरी. त्याच्यावर कठीण साल धरते. हे भुसभुशीत पीठ आहे, बोटाला लागेल असं. हे जमिनीत होत नाही. ओकच्या लाकडातून आंबट वाफ निघते, बंद जागेत ती शिशाला खाते, तेव्हा असं पीठ धरतं. संग्रहालयांनी ओकचे खण त्यासाठीच कधीचे टाकून दिले."

"इथे?"

"इथे सगळी कपाटं लोखंडी आहेत."

बोझिलोवाबाईंनी बूट घालायला घेतले. "म्हणजे उन्हाळ्यात नदीकाठी सापडलेला शिक्का त्याआधी कोणाच्या तरी ओकच्या पेटीत होता."

"काही वर्षं तरी."

३

वर्बोव रीदला जाणारा रस्ता खाणीवरून जातो. खाणीपलीकडे टेकडी आहे, तिची माती तांबडी. गावात निम्म्या घरांना कुलपं होती.

त्सोन्का आजी अंगणात मिरच्या भाजत होत्या. पोलीस पाहून त्या उठल्या नाहीत.

"तानेवने पाठवलं असेल. झडती घ्या. तळघरात लोणची आहेत, ती फोडू नका."

"झडती नको, आजी," बोझिलोवाबाई म्हणाल्या. "तुम्ही शिक्का खोटा का म्हणालात?"

"दान्योने चाळीस वर्षं ती टेकडी पायाखाली घातली. तो चुकला असेल हे मी मानायचं? मला अक्षरं येत नाहीत त्या शिक्क्यावरची. मला नवरा कळत होता."

"मास्तर शेवटी आजारी होते?"

"झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. टेकडीवरूनच आला होता, बूट तांबडे होते. दोन दिवसांत पडला. मग कित्येक हिवाळे नुसता पडून. त्या फळीकडे बोट दाखवायचा." आजींनी मिरची उलटली. "फळीवर त्याची पेटी होती. मी पेटीतला चष्मा काढून द्यायचे. तो घ्यायचा आणि रडायचा. मला वाटायचं वाचता येत नाही म्हणून रडतो."

पेटी अजून फळीवर होती. बोझिलोवाबाईंनी मला इशारा केला. वाइनच्या जुन्या पिंपाच्या फळ्यांची, जाड ओकची, घट्ट झाकणाची. आत पेन्सिली, भिंग, चष्मा. तळाशी हिरवं कापड अंथरलेलं होतं. कोपऱ्यात कापडावर एक पांढरं वर्तुळ उमटलं होतं, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. मी बोट लावलं. पीठ होतं.

"मास्तर गेल्यावर या पेटीला कोणी हात लावला?"

"कोण लावणार? तानेव आला होता भेटायला, दारातच उभा राहिला, त्याला घाई होती. मार्गिता आली, दान्योची विद्यार्थिनी ती, तिने फळ्या पुसल्या, पुस्तकं लावून दिली. क्रुम लाकडं फोडायला येतो. आत्ताही मागे आहे."

क्रुम खरंच मागे होता. कुऱ्हाड ओंडक्यात रोवून तो हसला.

"या बाई. वाटच पाहत होतो. गावात काही हरवलं की माझ्याकडे यायची पोलिसांना सवयच आहे."

"पेटी उघडली होती का कधी?"

"मला या घरात जेवण मिळतं. पेटीत काय मिळणार? आणि मी चोरलं असतं तर नाणी घेतली असती. शिसं कोण चोरतं? मासे पकडणारे, गळाला वजन म्हणून."

"शिक्क्याच्या बोगद्यातली माती काढायची झाली तर तू कशी काढशील?"

"सायकलच्या चाकाची तार. एका झटक्यात."

"आणि तानेव?"

क्रुम जोरात हसला. "साहेबांनी मागच्या वर्षी शिवणाच्या सुईने एक नाणं साफ केलं. बादशहाचं नाक गेलं. तेव्हापासून मार्गिता त्यांना टेबलाजवळ उभं करत नाही."

तेवढ्यात बोझिलोवाबाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "कशालाही हात लावू नका" एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"शिक्का सापडला. काचपेटीच्या खाली, पायापाशी."

४

तानेव आनंदाने लालबुंद झाले होते. फरशी पुसणाऱ्या बाईला फडक्याखाली काहीतरी लागलं म्हणे.

"पडला होता. नुसता पडला होता. कोणीतरी पेटी हलवली असेल. बोझिलोवाबाई, तुम्हाला उगाच त्रास दिला. प्रकरण मिटलं."

"सकाळीच माझ्या माणसांनी त्या फरशीवर रांगत इंच न् इंच पाहिलं," बोझिलोवाबाई म्हणाल्या. "सर, तुम्ही पाहा."

मी हातमोजे घातले. लेओनचा शिक्का प्रथमच माझ्या तळहातावर आला. अक्षरं सरकलेली पण वाचता येण्यासारखी. मी तो खिडकीसमोर आडवा धरला. बोगद्यातून प्रकाशाचा बारीक ठिपका दिसला.

"आत काही नाही," मी म्हणालो. "माती काढली आहे."

तानेव गोंधळले. "असू दे ना. अक्षरं तर आहेत. समितीला अक्षरंच हवीत."

बोझिलोवाबाईंनी त्यांना बाहेर पाठवलं आणि दार लावलं.

"चोराला शिक्का नकोच होता तर. त्याला माती घालवायची होती. साफ करून रात्रीतच परत ठेवणार होता, पण रात्रीच्या पहारेकऱ्याला त्याआधीच रिकामा खळगा दिसला आणि त्याने आरडाओरडा केला. बरोबर?"

"मलाही तसंच वाटतं. ज्याने नदीकाठी शिक्का ठेवला त्याने दोन्ही तोंडांना पिवळी माती लावली असणार. आतली तांबडी तशीच राहिली. मी ती तपासली असती तर टेकडी लगेच ओळखू आली असती."

"मग आधीच का नाही काढली?"

"आतून रिकामा असलेला शिक्का जमिनीतून निघाला तर शंका येते. नंतर निवांत साफ करता येईल असा हिशेब असेल. तानेवनी शिक्का पेटीत बंद केल्यावर तो चुकला."

"आता बोगदा आतून पाहा. ओरखडे आहेत?"

मी भिंग लावलं. शिसं इतकं मऊ असतं की नखानेही रेघ उठते. आत लोखंड गेलं असतं तर भिंतीवर चकचकीत रेषा दिसल्या असत्या. मी दोन्ही तोंडांकडून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"एकही नाही."

"घाईत, भीतीत, पोलीस इमारतीत असताना हे काम केलंय," त्या म्हणाल्या. "आणि तरी शिशाला इजा होऊ दिली नाही. तानेवच्या हाताने सेनापतीचं नाक गेलं असतं. क्रुमने तार घातली असती. त्सोन्का आजींना बोगदा असतो हेच ठाऊक नाही."

मला उत्तर कळलं होतं, पण ते उच्चारायला मला बरं वाटेना.

५

मार्गिताची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला होती. पन्नाशीची, सडपातळ, केसांना रुमाल बांधलेली बाई. तिच्या टेबलावर सगळं ओळीत होतं.

"मार्गिताबाई, असा बोगदा तुम्ही कशाने साफ कराल?" बोझिलोवाबाईंनी विचारलं.

"बांबूची काडी. फार चिंचोळा असेल तर गुलाबाचा वाळलेला काटा. थोडं डिस्टिल्ड पाणी. शिशाला लोखंड लावायचं नाही." सवयीने ती बोलून गेली. मग तिने बोझिलोवाबाईंच्या हातातल्या भिंगाकडे पाहिलं आणि खुर्चीत बसली.

"तार घालायला हवी होती," ती म्हणाली. "मला कळत होतं. हातात घेतलीही होती. नाही जमलं."

"मास्तरांच्या पेटीत मिळाला?"

"चष्म्याच्या खाली, कापडात. मी पाहताक्षणी ओळखलं, हा वाया गेलेला आहे. आणि आत तांबडी माती. मास्तर बरोबर होते. चाळीस वर्षं लोक त्यांना हसले आणि ते बरोबर होते." तिने रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. "त्याच आठवड्यात माझा व्लादी जर्मनीहून परत आला. अकरा वर्षांनी. खाणीने त्याला यंत्रावर घेतलं. टेकडी मिळाली तर खाण आणखी वीस वर्षं चालणार, नाही मिळाली तर हिवाळ्याआधी बंद. हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"म्हणून तुम्ही तो नदीकाठच्या चाळणीत टाकला."

"साहेबांचा आनंद तुम्ही पाहायला हवा होता. ते रडले. त्यांना काही माहीत नाही, त्यांना यात ओढू नका."

"त्सोन्का आजींवर आळ आला तेव्हा?"

मार्गिताने टेबलावरची एक काडी ओळीत सरळ केली. खिडकीबाहेर शाळेची मुलं ओरडत गेली.

"तेव्हाच परत ठेवला," ती म्हणाली. "आणखी काही दिवस थांबले असते तर तुमचा तपासही थंडावला असता. पण आजींच्या घरी पोलीस गेले हे ऐकलं."

बोझिलोवाबाईंनी श्वास सोडला. "मी तुम्हाला खरं सांगते. फोटोतलं पीठ आहे, कापडावरचं वर्तुळ आहे. त्यातून शिक्का पेटीत होता एवढंच ठरतं. मास्तरांना तो नदीकाठी मिळाला असेल, असं खाणीचा वकील म्हणेल. टेकडीची साक्ष फक्त त्या मातीत होती. ती तुम्ही नळाखाली सोडली असेल, तर गुरुवारी माझ्याकडे दाखवायला काही नाही. तुमचा मुलगा यंत्रावर राहील."

मार्गिताने खण उघडला. औषधाच्या छोट्या बाटल्यांच्या रांगेतून एक काचनळी काढली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली. तळाशी चिमूटभर तांबडी माती होती, त्यात चुन्याचा एक पांढरा कण.

"तुम्ही ही फेकली नाहीत," बोझिलोवाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"आम्ही माती फेकत नाही," मार्गिता म्हणाली.

६

मातीबद्दल शंका राहिली नाही. प्रयोगशाळेने टेकडीचे चार आणि नदीकाठचे चार नमुने घेतले. नळीतली माती टेकडीची होती.

गुरुवारी समितीसमोर हे कोण सांगणार, असा प्रश्न होता. मी तयारी केली होती. पण अध्यक्षांनी विषय काढताच तानेव उभे राहिले. त्यांनी टाय लावला नव्हता.

"शिक्का माझ्या खणकामातला नाही," ते म्हणाले. "फोतिना नदीकाठी नव्हतं. ते वर्बोव रीदच्या टेकडीवर होतं आणि हे दान्यो मास्तरांनी शोधलं. मी त्यांना दोन वेळा लेखी उत्तर दिलं होतं की त्यांनी शाळेकडे लक्ष द्यावं. ती उत्तरं मी मागे घेतो." एवढं बोलून ते बसले. बाकीचं मी सांगितलं.

त्सोन्का आजी मागच्या रांगेत होत्या. शिक्का पेटीत कसा आला आणि मास्तर काय दाखवत होते, हे बोझिलोवाबाईंनी त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन समजावलं होतं. तेव्हा आजींनी काय म्हटलं ते बाईंनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मार्गिताविरुद्धच्या तक्रारीवर मात्र आजींनी सही करायला नकार दिला. तक्रार संग्रहालयाच्या वतीने झाली. शिक्षा स्थगित राहिली, नोकरी गेली.

टेकडीचं संरक्षण कायम राहिलं. पुढल्या उन्हाळ्यात तिथे खणायचं ठरलं. खाण नोव्हेंबरात बंद झाली.

त्या सुमारास नमुन्यांच्या कामासाठी मी पुन्हा तिकडे गेलो होतो. परतताना स्तुदेन ब्रोदच्या बस स्थानकावर मार्गिता दिसली. तिच्याशेजारी दोन मोठ्या बॅगा आणि तिशीतला एक उंच माणूस. ती माझ्याशी नीट बोलली, तब्येत विचारली. मग मुलाला कागदात बांधलेली, चीज भरलेली बानित्सा दिली, त्याची कॉलर सारखी केली आणि बस निघायच्या आधीच वळून चालू लागली.

व्लादी पुन्हा जर्मनीला निघाला होता. तो माझ्या शेजारच्या सीटवर बसला. बराच वेळ तो खिडकीबाहेर पाहत होता. बस वर्बोव रीदच्या फाट्यावरून गेली तेव्हा त्याने विचारलं, "तुम्हीच ते शिक्केवाले ना?"

"हो."

"त्या लेओनच्या वेळी वर टेकडीवर किती माणसं राहत असतील?"

"सेनापतीचं ठाणं म्हणजे सैनिक, कारकून, त्यांची बायकामुलं. तीनशे तरी असतील."

"खाली गावात आता एकोणीस आहेत," तो म्हणाला. "मी सोडून."

त्याने कागद उघडला, बानित्साचा अर्धा तुकडा तोडला आणि माझ्यापुढे धरला. मी तो घेतला.